दुसऱ्याचे मूल

गेल्या हिवाळ्यात एम. ए.च्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही साताऱ्यामार्गे महाबळेश्वरला निघालो होतो. सकाळी साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल पाहावयाचे आणि दुपारी मेढा-केळघरच्या घाटाने वर चढावयाचे, असा बेत होता. मराठीच्या विद्यार्थ्यांना शाळा कशाला दाखवायची, असे एकाने विचारलेही. कारण होते एका नोंदीचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या दप्तरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले, इंग्रजी पहिलीच्या वर्गात. मुलाचे वय नऊ वर्षांचे. शाळेने ती नोंद जपून ठेवली आहे, आणि २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

घाटात गाडी लागली आणि आमच्यापैकी एकाचा फोन वाजू लागला. मुलाच्या वर्गातल्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट. विषय वर्गातला सात वर्षांचा एक मुलगा. तो ढकलतो, चावतो, एका जागी बसत नाही. पहिल्या दहा-बारा संदेशांत निदान ढकलल्याचे, चावल्याचे प्रसंग तरी होते. पुढे प्रसंग संपले आणि घराण्याची चर्चा सुरू झाली. कोणीतरी स्नेहसंमेलनातले छायाचित्र टाकून त्या मुलाभोवती लाल वर्तुळ काढले. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, असे एका आईने लिहिले आणि त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. त्या मुलाचे आईवडीलही त्याच गटात होते. ते काहीच बोलत नव्हते.

सकाळची नोंद आणि दुपारचे हे संदेश एका पारड्यात घालणे अन्यायाचे होईल, हे आम्ही प्रथमच सांगतो. अस्पृश्यता ही धर्माचे आणि कायद्याचे पाठबळ असलेली व्यवस्था होती. वर्गातल्या खोडकर मुलाविषयीची कुरकुर म्हणजे ती नव्हे. तरी तक्रारीचे व्याकरण आम्हांला ओळखीचे वाटले, आणि गाडी चहासाठी थांबली तेव्हा बोलणे त्यावरच गेले.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या बाबासाहेबांच्या आठवणी १९३५च्या सुमारास लिहिलेल्या. पुस्तिकारूपाने त्या १९९० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत साताऱ्याच्या शाळेतले दोन तपशील येतात. बसायला घरून आणलेले तरटाचे बसकर, जे रोज परत न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. आणि पाण्याचा नळ, जो शिपायाने सोडल्याखेरीज त्या मुलाला पाणी मिळत नसे. म्हणजे शिपाई नाही, तर पाणी नाही. या चित्रात नोकर दिसतो, शिपाई दिसतो, शिक्षक दिसतात. इतर मुलांचे पालक मात्र कोठेच दिसत नाहीत. ते दिसत नाहीत, कारण त्यांना शाळेत येऊन काही बोलण्याची गरजच नव्हती. त्यांची हरकत सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेली होती.

ही हरकत सरकारी कागदावर कशी उमटते, ते पाहायचे तर साताऱ्यापूर्वी चव्वेचाळीस वर्षे मागे, मुंबई इलाख्यातल्याच धारवाडला जावे लागते. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारने जुलैमध्ये नकार दिला. मुलगा अपात्र आहे, असे ठरावात कोठेही म्हटलेले नाही. तत्त्व म्हणून त्याची बाजू खरी असल्याचे तर मान्यच केल्यासारखे आहे. पण आजवर असा अर्ज घेऊन आलेला हा एकटाच, आणि त्याला जबरीने वर्गात बसवले तर शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही, असा हिशेब सरकारने मांडला. हा ठराव आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. यात कोणत्याही पालकाचे नाव नाही, एकाही पालकाची जबानी नाही. आहे ती फक्त संख्या. एका बाजूला एक मूल, दुसऱ्या बाजूला उठून जाऊ शकतील अशी अनेक मुले. १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असे कळवले. १८८२च्या हंटर आयोगानेही जातीच्या कारणाने कोणाला नाकारू नये हे तत्त्व मान्य केले, पण ते जपून अमलात आणावे, असे सांगत वेगळ्या शाळांची वाटही दाखवून ठेवली. ‘जपून’ या एका शब्दावर किती मुलांची वर्षे गेली असतील!

हा हिशेब उलटा करणारी माणसेही याच टापूत झाली. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत बसवली. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव दिले.

भाऊरावांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे लक्ष्मीबाईंकडे थोडे अधिक पाहावेसे वाटते. सोवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही जैन बाई. तिच्या स्वयंपाकघरात महार, मांग, मराठा, मुसलमान अशी मुले आली, आणि ती मुले तिची नव्हती. धान्य संपले तेव्हा तिने मंगळसूत्र मोडले, ही गोष्ट आपण शाळेच्या भाषणांत इतक्यांदा ऐकतो की तिचे नवल उरलेले नाही. जरा थांबून पाहावे. ज्या काळात आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसते, यावरून शाळा ओस पडू शकत होत्या, त्या काळात एक बाई दुसऱ्यांच्या मुलांसाठी सौभाग्याचा दागिना विकते. १९३० मध्ये ती वारली. तिच्या त्यागाची बाजू आपण पूजेला लावली आणि त्यामागचा विचार सोडून दिला, असे आमचे मत आहे.

महाबळेश्वरहून दुसऱ्या दिवशी आम्ही पाचगणीवरून उतरलो. तेथेही शाळाच शाळा. युरोपियन मुलांसाठी किमिन्स आणि सेंट पीटर्स, पारशांसाठी बिलिमोरिया, हिंदूंसाठी १९२२ मध्ये निघालेली, आज संजीवन म्हणून ओळखली जाणारी शाळा. हवा सर्वांना एकच, वर्ग मात्र आईवडिलांनी वाटून घेतलेले. आज त्या सर्व शाळा सर्वांना खुल्या आहेत, हे खरे; फीचा आकडा वेगळे काम करतो, हेही खरे.

आमच्या सहकाऱ्याने एका विद्यार्थिनीला स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे १९६२चे प्रवासवर्णन वाचायला दिले होते, तिने या वळणावर त्याची आठवण काढली. नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका गोऱ्यांच्या शाळेत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी दाखल झाली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली, आणि तिने ते वर्ष बार्बरा हेन्री या एकाच शिक्षिकेसमोर, रिकाम्या वर्गात काढले. रोज सकाळी शाळेबाहेर बायका जमून तिला शिव्या देत. त्यांत आयाही होत्या. स्टाइनबेक त्या गर्दीत उभा राहिला. त्याच्या नजरेतून सुटले नाही ते असे की, या बायकांना प्रेक्षक हवे होते. कॅमेरे होते, टाळ्या होत्या, वर्तमानपत्रांत नावे येत होती. समोरची मुलगी हे जणू निमित्त.

येथे आम्हांला त्या हात जोडलेल्या खुणांची रांग आठवली. धारवाडच्या पालकांना प्रेक्षक नव्हते, त्यांच्या वतीने सरकारच बोलले. आजच्या पालकाला फोनमध्ये दोन्ही मिळतात, प्रेक्षकही आणि मोजलेली संख्याही. त्या रात्री कोणी एकट्याने त्या मुलाच्या आईला फोन केला असता, तर असे शब्द बहुधा तोंडून निघाले नसते. आणि आम्हीही काही वेगळे केले नाही, हे सांगितले पाहिजे. आमच्यापैकी ज्याचा फोन होता, त्याने तो घाटभर वाचला आणि खिशात ठेवला. आपले मूल चावले गेलेले नाही, मग आपण कशाला मध्ये पडा, असा तो विचार होता.

जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा तो मुलगा नव्हता. शाळेने त्याला काढले नाही, असे मुख्याध्यापिकांनी सभेत स्पष्ट केले आणि तो दाखला त्याच्या वडिलांनी स्वतः मागून नेल्याचे सांगितले. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो. त्यात नेहमीप्रमाणे लिहिले होते : ‘पालकांच्या विनंतीवरून’.