तेरा वर्षांची मालकी

आमच्या घराण्याने पनवेलच्या खाडीकाठी किती पिढ्या भात पिकवलं, ते कुणालाच सांगता येत नाही. मालक म्हणून किती वर्षं पिकवलं, ते मात्र पक्कं सांगता येतं. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कूळकायद्याने त्या दिवशी कसणाऱ्याला मालक मानलं. 17 मार्च 1970 ला नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको स्थापन झालं आणि ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यातली 95 गावं नव्या शहराच्या नकाशात आली. मधला काळ तेरा वर्षांना पंधरा दिवस कमी. त्यातही कलम 32 ग खाली किंमत ठरायची, हप्ते फेडायचे, मग खरेदीचा दाखला. म्हणजे दाखल्याची शाई वाळते न वाळते तोच.

आजा हा हिशेब कधी मांडत नसे. तो सांगायचा खोताच्या काळातलं. खळ्यावर मळणी झाली की खोताचा माणूस माप घेऊन उभाच. अर्धं भात तिथल्या तिथे जायचं. उरलेल्यातून पावसाळ्यात घेतलेल्या खावटीची दीडपट फेड, न्हाव्या-सुताराचं बलुतं, पुढच्या वर्षाचं बी. शिमग्याला कणगीचा तळ दिसायचा. आणि वर खोताच्या घरी लग्न निघालं की लाकडं फोडायला बिनमजुरीने जायचं. हे सांगताना त्याला राग येत नसे, याचंच मला लहानपणी नवल वाटे. राग यायचा तो एकाच गोष्टीचा: खोताच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती. भात गेलं त्याहून हे त्याला जास्त लागलेलं.

अलिबागेकडच्या चरीचा संप त्याने पाहिलेला नव्हता, बापाकडून ऐकलेला. 1933 ते 1939 कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्याच नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी. रानातल्या लाकडांच्या मोळ्या विकून लोक जगले, पण नांगर धरला नाही. 1934 साली बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. तरी खोत अजिंक्य नाही, एवढं आमच्या खाडीपर्यंत येऊन पोचलं होतं.

आजीच्या गोष्टी वेगळ्या. तिच्या गोष्टींत खोत फारसा नसे, बांध असे. खारीची शेती म्हणजे समुद्राशी रोजचं भांडण. बाहेर मातीचा बांध, बांधाला उघाडी. ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला बंद करायची. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली की थाळी वाजायची आणि अख्खा गाव चिखल, पेंढा, दगड घेऊन पळायचा. ज्याचं शेत बांधापासून लांब तोही यायचा, कारण खारं पाणी काही सातबारा वाचून आत शिरत नाही. एकदा शिरलं की दोन-तीन वर्षं जमीन रुसते. मग त्यात लाल दाण्याचा राता तेवढा तग धरतो. उघाडीच्या तोंडाशी सापडणारी मासळी गावाची. जिताडा मिळाला तर तो पाहुण्यासाठी नाहीतर साहेबासाठी. आपण चिंबोरीवर भागवायचं.

हे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. आजीची कंबर लावणीनेच वाकली. तिची दोन मुलं तापाने गेली. बांधाची जड मातीकामं पुष्कळदा कातकऱ्यांनी केली आणि ते आमच्या खळ्यावर उभे राहायचे, ओट्यावर नाही. खोताने आम्हाला शिकवलं ते आम्ही पुढे चालवलं. कातकऱ्यांच्या नावावर 1957 लाही काही झालं नाही, नंतरही नाही. नंतर जे जे मिळालं ते जमिनीच्या मापाने मिळालं आणि त्यांच्याकडे मोजायला जमीनच नव्हती.

ते माप आलं रक्त सांडून. सिडकोला जमिनी देण्यावरून झालेल्या लढ्याचे पुढारी जासईचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे आमदार, पेशाने वकील. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि नवघरला आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बां.चं म्हणणं मला आजही अर्थशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा सरळ वाटतं. सिडकोचं गणित असं की जमीन घ्यायची, विकसित करायची, भूखंड विकून रस्ते-नाले उभे करायचे. किंमत वाढते ती सगळ्यांमुळे. मग ज्याचं शेत गेलं त्याला एकदाच पैसे देऊन वाढीतून बाहेर का काढायचं? तो त्या शहरात भागीदार का नको? त्यातून साडेबारा टक्के आले. एकराला पाच गुंठे विकसित जमीन. त्यातले सार्वजनिक सोयींसाठी कापून हातात साडेतीन.

साडेतीन गुंठ्यांनी आमच्याकडे पक्की घरं आली, डंपर आले, मुलं इंजिनियर झाली. आणि भाऊबंद कोर्टात गेले. भूखंडाला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. वर्षानुवर्षं माहेरी न बोलावलेल्या आत्यांना हक्कसोडपत्रासाठी रिक्षाने आणलं, साडी दिली, जेवण दिलं. आत्याने सही केली आणि विचारलं, "न् बांध कोन बघतं आता?" सगळे हसले. तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता. भात पिकवताना शेजाऱ्यावाचून चालत नसे, म्हणून शेजारी सांभाळावा लागे. भूखंडाला शेजारी लागत नाही, फक्त कुंपण लागतं. आज्याला पैशांचं काय करायचं ते कळत होतं. सकाळी उठून काय करायचं ते कळेना. गरिबी गेली याचा त्याला आनंद होता, आणि आपण कुणाच्या उपयोगाचे नाही हेही तो बोलून दाखवत असे. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

8 ऑक्टोबर 2025 ला याच पट्ट्यात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. 1160 हेक्टर, उलव्याची टेकडी सपाट, दहा वस्त्या हलल्या. इथे विकसित जमिनीचा दर साडेबावीस टक्के. कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे. खाऱ्या जमिनीत टिकणारी पनवेल-1, 2, 3 ही भाताची वाणं तिथलीच. वाणाला गावाचं नाव मिळालं, गावाला वाण पेरायला जागा उरली नाही.

तुमचं घर या 95 गावांपैकी एखाद्यातलं असेल, तर तलाठ्याकडून जुना फेरफार काढून आणा. त्यातली 1957 नंतरची नोंद घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्या जमिनीत आणखी कोण राबत होतं, ज्याचं नाव त्या नोंदीत नाही, तेही विचारून लिहून ठेवा.