रेंजबाहेरचा फोन

ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोळसा रेंजमधला वनरक्षक आज बीटवर निघतो तेव्हा त्याच्याजवळ फारसं सामान नसतं. काठी, पाण्याची बाटली आणि फोन. पंचवीस वर्षांपूर्वी याच वाटेवर निघणाऱ्याच्या झोळीत दैनंदिनी, बीटचा नकाशा, होकायंत्र, मोजपट्टी आणि व्याघ्रगणनेच्या दिवसांत काचेची पाटी व प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी असायची. मधल्या काळात आणखी दोन यंत्रं त्याच्या हाती आली आणि गेली. एक हातातलं जीपीएस, दुसरं पीडीए, म्हणजे हातात मावणारा छोटा संगणक. शहरात पीडीए केव्हाच विस्मरणात गेला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र त्याची कामाची रीत अजून जिवंत आहे, म्हणून त्याचा माग काढावासा वाटतो.

सुरुवात दैनंदिनीपासून करायला हवी. वनरक्षकाने रोज कुठे फेरी मारली, काय पाहिलं, कुठे तोड झाली, कुठे आग लागली, हे लिहून वरच्यांना दाखवायचं, ही पद्धत वनखात्यात फार जुनी. जागा सांगायची ती कक्ष क्रमांकाने किंवा नाल्याच्या, पाणवठ्याच्या नावाने. एक कक्ष काहीशे हेक्टरांचाही असू शकतो. त्यामुळे ‘अमुक कक्षात वाघाचे ठसे दिसले’ हे वाक्य खरं असलं, तरी त्यावरून दुसऱ्या माणसाला त्या ठशांपर्यंत पोहोचता येत नसे. ती जागा लिहिणाऱ्याच्या डोक्यात असे. त्याची बदली झाली की ती त्याच्याबरोबर जाई.

ठशांचंही तसंच. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत घडवली. ठशावर काच धरायची, तिच्यावर पेनाने कडा गिरवायच्या, मग त्या कागदावर उतरवायच्या. १९७२च्या पहिल्या देशव्यापी गणनेत याच मार्गाने १,८२७ हा आकडा आला आणि पुढची तीसेक वर्षं पद्धत तीच राहिली. मऊ धुळीतला आणि ओल्या मातीतला एकाच वाघाचा ठसा वेगळा उमटतो, गिरवणारा हात बदलला की रेघही बदलते, हे आक्षेप अभ्यासक घेत होते. २००५मध्ये राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा त्या आक्षेपांकडे दुर्लक्ष करणं अशक्य झालं. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं, २००६मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभं राहिलं, आणि नव्या पद्धतीने केलेल्या गणनेचा १,४११ हा आकडा २००८मध्ये जाहीर झाला.

नव्या पद्धतीचा भर जागेवर होता. प्रत्येक बीटमध्ये ठरावीक अंतर चालायचं, मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या, दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर दिसणारी हरणं-गवे टिपायचे, दर चारशे मीटरवर झाडोरा नोंदवायचा, आणि या प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश जोडायचे. हे शक्य झालं, त्याचं एक कारण २ मे २०००ला घडलं होतं. अमेरिकेने नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक त्या दिवशी काढून टाकली आणि शंभरेक मीटरने हुकणारं यंत्र दहा-वीस मीटरांवर आलं. पाणवठा आणि त्याच्या बाजूचा पहाड यांतला फरक हातातल्या यंत्राला कळू लागला. पण जीपीएसला फक्त ‘कुठे’ एवढंच सांगता येई. काय पाहिलं ते अजून कागदी फॉर्मवरच होतं, आणि आकडे पडद्यावरून कागदावर उतरवताना एखादा अंक चुकला की ताडोब्यातला बिबट्या थेट तेलंगणात जाऊन बसे.

हे दोन्ही एकत्र आणण्याची कल्पना आधीच एका वेगळ्या जंगलात सुचली होती. दक्षिण आफ्रिकेच्या करू राष्ट्रीय उद्यानातले माग काढणारे लोक गेंड्याच्या खुणा अचूक वाचत, पण त्यांच्यातल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माग काढण्याचे अभ्यासक लुईस लिबेनबर्ग आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी जस्टिन स्टीव्हन्टन यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यासाठी सायबरट्रॅकर तयार केलं. हातात मावणारा संगणक, त्याला जोडलेलं जीपीएस आणि पडद्यावर शब्दांऐवजी चित्रं: गेंडा, पाऊलखूण, खाल्लेलं झुडूप. चित्राला स्पर्श केला की जागा आणि वेळ यंत्र स्वतः नोंदवी. कारेल बेनाडी या माग काढणाऱ्याचं नाव पुढे गेंड्यांच्या अभ्यासावरच्या लेखात सहलेखक म्हणून छापून आलं. आधी अॅपलचं न्यूटन आणि मग पाम पायलट, अशा साहेबांच्या भेटीगाठींची वेळ सांभाळायला काढलेल्या यंत्रांवर हे काम उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या पाम पायलटची जन्मकथा प्रसिद्ध आहे. पामचा संस्थापक जेफ हॉकिन्सने गॅरेजमध्ये लाकडाचा एक ठोकळा शर्टाच्या खिशात मावेल एवढा कापला आणि तो खिशात घालून हिंडत राहिला. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीने लिहिल्यासारखं करायचं. काय आकार हवा, किती वेळा काढावं लागतं, हे त्याने आधी लाकडाकडून शिकून घेतलं. १९९६मध्ये यंत्र बाजारात आलं तेव्हा ते दोन छोट्या पेन्सिल सेलवर कित्येक आठवडे चालत होतं. त्याचं खरं बळ मात्र एका बटणात होतं. यंत्र पाळण्यात ठेवा, बटण दाबा, आणि दिवसभराच्या नोंदी टेबलावरच्या संगणकात उतरतील. बाहेर असताना यंत्राला कोणाशीही जोडलेलं असण्याची गरजच नव्हती. हातात घ्या, नोंदवा, परत आल्यावर सोपवा.

आपल्या वनखात्यात पीडीए पोहोचला तो २०१०च्या आगेमागे. २०१०मध्येच व्याघ्र प्राधिकरण आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी एम-स्ट्राइप्स ही देखरेखीची प्रणाली सुरू केली. वनरक्षकाने कुठून कुठे पायपीट केली, वाटेत शिकारीची खूण, तोड, प्राणी काय दिसलं, हे सगळं नकाशावर उमटावं हा तिचा हेतू. महाराष्ट्रातही क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या हातात पीडीए आले. त्याच काळात वनहक्क कायद्याखाली जमिनी आणि जंगलाच्या सीमा मोजायलाही जीपीएस लागू लागलं. २००९मध्ये मेंढा (लेखा) आणि मर्दा या गडचिरोलीतल्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि आज जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. ज्या यंत्राने खात्याने जंगल मोजलं, त्याच जातीचं यंत्र घेऊन गावकरीही आपल्या शिवेवरून चालले. या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

पीडीए जंगलात पोहोचला तेव्हा बाजारातून त्याची पाठवणी सुरू झालेली होती. पामच्याच घराण्यातल्या ट्रिओने २००२पासून फोन आणि डायरी एकत्र केली होती, २००७मध्ये आयफोन आला, २०१०मध्ये एचपीने पाम विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ती यंत्रं बंद करून टाकली. बाजारात जे बनत नाही त्याची बॅटरी मिळत नाही, पडदा फुटला तर बदलता येत नाही. खात्यांच्या खरेदीचं चक्र सावकाश फिरतं. अशी यंत्रं कपाटात जायला दोन-तीन पावसाळे पुरतात. तोवर अँड्रॉइड फोन स्वस्त झाले, २०१६नंतर डेटाही स्वस्त झाला, आणि एम-स्ट्राइप्स अॅप होऊन फोनमध्ये शिरलं. २०१८च्या गणनेत ते देशभर वापरलं गेलं. २६,८३८ ठिकाणी लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमुळे ती गणना गिनीज बुकात गेली.

म्हणजे फोनने पीडीएला गिळलं का? चंद्रपूर शहरात याचं उत्तर सरळ ‘हो’ आहे. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीत मात्र गोष्ट वेगळी दिसते. नक्षलग्रस्त भागांतल्या टॉवरांच्या पहिल्या टप्प्यात बीएसएनएलने उभारलेले टॉवर टूजी होते. त्यावर बोलता येई, बाकी फारसं काही नाही. देशभरातल्या अशा २,३४३ टॉवरांना फोरजी करण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२२मध्ये घेतला. जंगलाच्या पोटात तर कुठलाच टॉवर पोहोचत नाही. तिथे फोन हा फोन राहत नाही. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, कारण उपग्रहाचा संकेत फोन फक्त ऐकतो. नेटवर्क नसेल तर उपग्रहांचा ठावठिकाणाही त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावा लागतो, म्हणून पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात सागाच्या मोठ्या पानांखाली तो आणखी वाढतो. मग अॅप चाललेली वाट रेखत राहतं, फोटोवर जागा टाकतं, नोंदी पोटात साठवतं. रेंज ऑफिसला आल्यावर त्या उतरतात. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटलं तर नोंदी चार दिवस खिशातच राहतात. हातात घ्या, नोंदवा, परत आल्यावर सोपवा. फोनला इथे पीडीए व्हावं लागलं.

वेगळं यंत्र गेल्याने काही हरवलंही. हातातलं जीपीएस दोन पेन्सिल सेलवर चाले, आणि ते सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळत. फोनला वीज लागते, आणि ती संरक्षण कुटीवरच्या सौर पाट्याच्या मर्जीवर. खात्याचं यंत्र संध्याकाळी टेबलावर ठेवता येई. फोन घरीही बरोबर येतो. त्यात लेकराचा फोटो असतो आणि साहेबांच्या ग्रुपवरचा हुकूमही. शिवाय चाललेली रेघ जंगलाइतकीच चालणाऱ्यावरही लक्ष ठेवते. खोट्या फेऱ्या थांबल्या हे चांगलं झालं. पण एखाद्या दिवशी रेघ आखूड का झाली, हे रेघ स्वतः सांगत नाही. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली असू शकते. २० नोव्हेंबर २०२१ला ताडोब्यात कोलारा भागात खुणांच्या सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. कागद गेला, पीडीए गेला, अॅप आलं, तरी ते किलोमीटर कोणाला तरी पायीच चालावे लागतात. रेघेच्या लांबीवरून कामाचा हिशेब करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवावं, असं मी आग्रहाने म्हणेन.

आणखी एक उणीव मला खुपते. वनरक्षकाबरोबर गावातला वनमजूर चालतो. अनेकदा खूण त्यालाच आधी दिसते. वाघ की बिबट्या, नर की मादी, कालची की आजची, हे तो सांगतो. नोंद होते ती फोन धरणाऱ्याच्या नावावर. करूमध्ये सायबरट्रॅकर जन्मला तो नेमका अशा माणसाच्या हाती यंत्र देण्यासाठी. आपण यंत्र घेतलं, नकाशा घेतला, पण ती चित्रांची पाटी मागे राहिली. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या माग काढणाऱ्यांसाठी शब्दांवाचून चालणारा पडदा करायला नव्या यंत्राची गरज नाही. तो आज त्यांच्या स्वतःच्या खिशातल्या फोनमध्येही बसू शकतो. फक्त नोंदीच्या रकान्यात, ज्याने खूण पाहिली त्याचं नाव लिहायला जागा ठेवावी लागेल.