लेबनॉनचें गाणें आणि लेबनॉनची माती

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा लेबनॉन हा देश आकारानें आपल्या सातारा जिल्ह्याएवढा. क्षेत्रफळ अवघें १०,४५२ चौरस किलोमीटर. एका अंगास समुद्र, पाठीशीं बर्फानें झांकलेले पर्वत आणि या दोहोंच्या मध्यें राज्याची मान्यता पावलेले १८ धर्मपंथ. पर्वताचें नांव बायबलांतील देवदारांइतकें जुनें. पण आजचें राज्य मात्र फ्रेंचांनीं १९२० सालीं आंखलेल्या सीमांतून जन्मास आलें आणि १९४३ च्या नोव्हेंबरांत स्वतंत्र झालें. सीमा आंखावयास नकाशा व पेन्सिल पुरते. त्या सीमेच्या आंतील माणसांना 'हा माझा देश' असें मनापासून म्हणावयास लावणें, हें काम निराळें. लेबनॉनांत तें मंत्र्यांपेक्षां गवयांनींच अधिक केलें. आणि तें करतांना त्यांना काय साधलें व काय साधलें नाहीं, हें पाहण्याजोगें आहे.

या गाण्याचें मूळ डोंगरांतील खेड्यांत आहे. तेथील घरें पूर्वीं आपल्याकडील धाब्याच्या घरांसारखीं, लाकडी तुळयांवर माती थापलेलीं असत. हिवाळ्यांतील पाऊस सुरू होण्यापूर्वीं ती माती दाबून घट्ट करावी लागे. त्यासाठीं शेजारीपाजारी छपरावर चढत, हातांत हात गुंफीत आणि एका ठेक्यांत पाय आपटीत. 'दबके' हें समूहनृत्य त्यांतूनच निघालें, अशी परंपरा आहे. दुसरा प्रकार 'झजल'. हें बोलभाषेंतील शीघ्रकाव्य. एका कवीनें डफाच्या तालावर कडवें टाकावें, समोरच्यानें तत्काळ त्यास जबाब द्यावा आणि मागील मंडळींनीं ध्रुपद उचलून धरावें. कलगी-तुऱ्याचा सामना ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. २०१४ सालीं युनेस्कोनें झजलाची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. 'अताबा' हें मात्र एकट्यानें म्हणावयाचें विरहाचें गाणें. त्याच्या पहिल्या तीन ओळींच्या शेवटीं तोच तो शब्द येतो आणि दर वेळीं अर्थ निराळा निघतो. आपले शास्त्रीपंडित त्यास बिनदिक्कत यमक म्हणतील!

विरहाला तेथें कारणही होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डोंगरांतील तरुण जहाजांत बसून ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका येथें पोट भरावयास जाऊं लागले. पुढें पहिल्या महायुद्धांत टोळधाड, किनाऱ्याची नाकेबंदी आणि लष्कराकडे वळलेलें धान्य यांमुळें १९१५ ते १९१८ या काळांत असा दुष्काळ पडला कीं, डोंगरी लेबनॉनांतील सुमारें एकतृतीयांश माणसें मेलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ज्या घरांतून कोणी गेला नाहीं वा कोणी मेला नाहीं, असें घर विरळाच. लेबनॉनी गाण्यांत उंबरठा, खिडकी, विहीर आणि वाट पाहणारी आई वारंवार येते, ती कविसंकेत म्हणून येत नाहीं.

राष्ट्र म्हणून गाण्याचा पहिला प्रयत्न १९२७ सालचा. त्या वर्षीं स्वीकारलेल्या राष्ट्रगीताचे शब्द रशीद नखले यांचे, जे स्वतः झजलाचे नामांकित कवी होते. आणि चाल वदी सब्रा यांची, ज्यांनीं पॅरिसला शिक्षण घेऊन १९१० सालीं बैरुतेंत संगीतशाळा काढली होती. खेड्याचा कवी आणि पाश्चात्त्य पद्धतीचा संगीतकार यांची ही जोडी पुढील साऱ्या इतिहासाची जणूं नांदीच होय. बैरुतचेच मुहम्मद फ्लेफेल यांचें नशीब तर याहून चमत्कारिक. सीरियानें १९३८ सालीं स्वीकारलेल्या राष्ट्रगीताची चाल त्यांची, आणि २००४ पासून इराकचें राष्ट्रगीत झालेल्या 'मौतिनी' या गीताची चालही त्यांचीच. स्वतःच्या देशाचें राष्ट्रगीत तेवढें दुसऱ्याचें!

१९३८ सालीं बैरुतची नभोवाणी सुरू झाली आणि डोंगरांतील कंठ शहरांत ऐकूं येऊं लागले. त्याच वर्षीं तिच्या गायनस्पर्धेंत निहा गांवच्या सतरा वर्षांच्या एका मुलानें पहिलें बक्षीस मिळविलें. परीक्षकांनीं त्याला 'साफी', म्हणजे निर्मळ, असें नांव दिलें. हेच वदी साफी. १९४७ मध्यें तेही ब्राझीलला गेले, पण तीन वर्षांनीं परत आले. अताब्याचा दीर्घ आलाप त्यांनीं शहरी वाद्यवृंदापुढें आणला, तो डोंगरी वळण न सोडतां.

पण सर्वांत मोठें कार्य झालें तें बैरुतजवळच्या अंतेलियास या गांवांतील दोन पोलिसांच्या हातून. आसी आणि मन्सूर रहबानी हे दोघे भाऊ. वडिलांचें कॉफीचें दुकान होतें आणि गिऱ्हाइकांपुढें ते बुझुक नांवाचें तंतुवाद्य वाजवीत. मुलांनीं पोलिसांत नोकरी करीत संगीत साधलें आणि पुढें नभोवाणीवर आले. तेथें वृंदगायनांत नुहाद हद्दाद नांवाची एक लाजाळू मुलगी होती. छापखान्यांतील कामगाराची ही लेक फ्लेफेल यांनीं शाळेंत गातांना हेरली होती. नभोवाणीचे संगीतप्रमुख हलीम रूमी यांनीं तिला 'फैरूझ' हें नांव दिलें. आपण ज्या निळ्या रत्नाला पिरोजा म्हणतों, तेंच हें. पुढें आसीशीं तिचा विवाह झाला आणि दोघांचे शब्द व स्वर तिच्या एका कंठांत जाऊन बसले.

१९५७ सालीं बालबेकच्या रोमन देवळांच्या भग्नावशेषांत भरणाऱ्या महोत्सवांत प्रथमच 'लेबनॉनी रात्र' योजिली गेली. त्यापूर्वीं तेथें युरोपांतील वाद्यवृंद व नाटकमंडळ्या येत. देशी गाण्याला तें स्थान शोभेल कीं नाहीं, याची शिष्टांना शंका होती. ज्युपिटरच्या मंदिराच्या सहा प्रचंड खांबांच्या सान्निध्यांत खेड्यांतील सुगीचीं गाणीं झालीं, दबके नाचला गेला, फैरूझ गायिल्या आणि शंका मिटली. मग दर एकदोन वर्षांनीं रहबानी बंधूंचें नवें संगीत नाटक येऊं लागलें. १९६२ च्या 'जिस्र अल्-कमर', म्हणजे 'चंद्राचा पूल', या नाटकांत पाण्यावरून भांडणारीं दोन गांवें आहेत; पुलावरील एका शापित कन्येमुळें अखेर त्यांचा समेट होतो. अशा गांवांत चांगला पाटील असतो, भोळा पहारेकरी असतो, जत्रा असते. नसतो तो फक्त धर्मपंथ. मारोनी कोण, शिया कोण, द्रूझ कोण, हें त्या गांवांत कोणी विचारीत नाहीं.

असें गांव लेबनॉनच्या नकाशावर कोठेंही नव्हतें. तरीही लक्षावधि लोकांनीं तें आपलें मानलें. १९७५ सालीं यादवी पेटली, १९९० पर्यंत चालली, लाखाहून अधिक माणसें मेलीं आणि बैरुतचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे पडले. खऱ्या गांवांनीं चंद्राचा पूल मोडला. वदी साफी देश सोडून गेले. फैरूझ मात्र बैरुतेंत राहिल्या. पॅरिसला जाऊन गायिल्या, पण कोणत्याही एका पक्षाच्या झेंड्याखालीं उभ्या राहिल्या नाहींत. परस्परांवर तोफा डागणाऱ्या दोन्ही बाजूंच्या रेडिओंवर सकाळीं त्यांचाच आवाज असे. त्यांचें बैरुतवरील सर्वांत व्याकुळ गीत, 'ली बैरुत', जोझेफ हर्ब यांनीं लिहिलें. चाल मात्र रोद्रिगो या स्पॅनिश रचनाकाराची. मातृभूमीचा शोक परक्या सुरांत इतका चपखल बसावा, हें नवलच.

या सुंदर स्वप्नावर सर्वांत तिखट टीका केली ती घरच्याच माणसानें. आसी व फैरूझ यांचे पुत्र झियाद यांनीं १९७३ सालीं, वडील रुग्णशय्येवर असतां, वयाच्या सतराव्या वर्षीं आईसाठीं एक अविस्मरणीय चाल बांधली होती. त्यांनींच १९८३ मध्यें 'शी फाशिल', म्हणजे 'फसलेला कारभार', या नाटकांत खेड्याच्या संगीत नाटकाची भरपूर टर उडविली. त्यांतील नटमंडळी शहराच्या दोन्ही भागांतून येतात, परस्परांकडे संशयानें पाहतात, आणि ऐक्याच्या नाटकाची तालीम कांहीं केल्या पार पडत नाहीं. बापानें न लिहिलेला प्रश्न मुलानें लिहिला. तरी यास पितृद्रोह म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याला गांव प्रिय नाहीं, तो त्याच्या खोटेपणावर इतका चिडत नाहीं. आणि याच पुत्राच्या चाली आई पुढें अनेक वर्षें गात राहिली.

१७ सप्टेंबर १९९४ रोजीं फैरूझ बैरुतच्या हुतात्मा चौकांत गायिल्या. हा चौक शहराचे दोन तुकडे करणाऱ्या रेषेवरच होता. जुनें शहर पाडून नवें बांधणाऱ्यांच्या शोभेसाठीं त्यांनीं गाऊं नये, असें कित्येकांचें म्हणणें होतें, आणि त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. तरी पडक्या भिंतींच्या मधोमध पूर्व व पश्चिम अशा दोन्हींकडचीं हजारों माणसें येऊन बसलीं.

झियाद २६ जुलै २०२५ रोजीं वारले. बैरुतच्या रस्त्यावर लोकांनीं टाळ्या वाजवून आणि त्यांचींच गाणीं म्हणत शवपेटी पोंचविली. डोंगरावरील बिकफाया येथील चर्चमध्यें नव्वदीच्या घरांतील आई काळ्या वस्त्रांत बसली होती. लोक रांगेनें येत होते, आणि ती कांहीं बोलत नव्हती.