‘ओतीव’ म्हणवणारे रोमन वाडगे

रोमन काचेविषयी लिहिणारे बहुतेक जण फुंकणीपासून सुरुवात करतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात काच फुंकण्याची युक्ती सापडली आणि श्रीमंतांच्या पंगतीतली काच सामान्यांच्या घरात आली, अशी ही कथा. ती खोटी नाही. पण तिच्यात साच्यावर काम करणाऱ्या कारागिराचे श्रेय बुडते.

त्याच्या भांड्यांना ‘ओतीव’ म्हणण्याचा प्रघातही फसवाच. पितळेसारखा रस साच्यात ओतून यांतले बहुतेक वाडगे घडवलेले नाहीत. उभ्या कंगोऱ्यांचा वाडगा घ्या. काचेच्या गरम चकतीवर अवजाराने दाबून कंगोरे उठवायचे, मग ती घुमटाकार साच्यावर ठेवून भट्टीच्या आचेने हळूहळू खाली वाकू द्यायची. पुरावा भांड्यावरच आहे. आतल्या अंगाला घासल्याच्या गोल रेघा दिसतात, बाहेरच्या कंगोऱ्यांवर मात्र आगीचीच तकाकी असते. शिवाय कंगोरे एकसारखे नसतात. कोरीव साचा असता तर ते असते.

फुंकणी आल्यावरही हे वाडगे इसवी सनाच्या पहिल्या शतकात भरपूर होत राहिले. ते ब्रिटनमध्ये सापडतात, तसे पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला आणि केरळातल्या पट्टणमलाही त्यांचे तुकडे मिळाले आहेत. रोममध्ये काचेचा वाडगा तांब्याच्या नाण्याला मिळतो, असे स्ट्रॅबो सांगतो. तो फुंकलेला की साच्यावरचा, हे मात्र सांगत नाही. इ.स. 79 मध्ये वारलेला प्लिनी स्फटिकासारख्या रंगहीन काचेला सर्वांत मौल्यवान म्हणतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याच काचेची साच्यावरची रुंद काठांची ताटे श्रीमंतांसाठी होऊ लागली. म्हणजे जुनी रीत मेली नाही, वरच्या पंगतीला जाऊन बसली!

आपल्याकडचा धागा वेगळा आहे. ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या आयातीत कच्ची काच नोंदलेली आहे, आणि पैठण व तगर, म्हणजे आपले तेर, येथून गाड्यांनी भडोचला माल येई असेही त्यात आहे. उलट दिशेने ही काच दख्खनेत आली असेल, तर ती भांडे म्हणून नव्हे, इथे वितळवण्यासाठी आली असणे अधिक संभवते. म्हणून सातवाहनकालीन थरात काचेचा तुकडा निघाला की त्याला रोमन भांडे ठरवण्याची घाई मला पटत नाही. आधी तो आतून घासलेला आहे का, एवढे तरी पाहावे.