प्रस्तावना : पाचव्या सर्व्हरला जागा देताना

चार सर्व्हर चालू आहेत, पाचवा जोडायचा आहे, आणि त्या वेळी साइट वापरणाऱ्या एकालाही धक्का जाणवता कामा नये. या पुस्तकाचा विषय एवढाच. पण त्याचं मूळ संगणकाच्याही आधीचं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना आग्नर एर्लांगने १९०९ साली फोन कॉलचं गणित मांडलं, तिथून रांगांचं शास्त्र उभं राहिलं. तुम्ही त्याच घराण्यात प्रवेश करत आहात. गणिताची धास्ती असेल तर ती उंबऱ्याबाहेर ठेवून या.

नवशिक्याला वाटतं, सर्व्हरचा पत्ता यादीत लिहिला की काम झालं. मग येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरचा एक समंजस नियम आडवा येतो : ज्याच्याकडे सर्वांत कमी कनेक्शन, त्याला पुढची रिक्वेस्ट. पाचव्याकडे तर एकही नाही, म्हणून सगळा लोंढा त्याच्याच अंगावर जातो. त्याची कॅश रिकामी, डेटाबेसशी जोडण्या अजून व्हायच्या. तो गुदमरतो, हेल्थ चेकला उत्तर देईनासा होतो, बाहेर काढला जातो, मोकळा होताच सावरतो, पुन्हा आत येतो आणि पुन्हा पडतो. दोष यंत्राचा नसतो. त्याला रुळायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून सुरुवातीला त्याच्या वाट्याला थोडंच काम देऊन ते हळूहळू वाढवायचं. याला ‘स्लो स्टार्ट’ म्हणतात. मला या क्षेत्रातली ही सर्वांत माणुसकीची युक्ती वाटते.

दुसरा पेच जुन्या चौघांचा आहे. ज्याची माहिती ज्या सर्व्हरच्या कॅशमध्ये आहे, तो ग्राहक शक्यतो तिथेच जायला हवा. कागदावर ० ते १९ आकडे लिहा; प्रत्येक आकडा म्हणजे एक ग्राहक. प्रत्येकाला चारने भागा. जी बाकी उरेल तो त्याचा सर्व्हर. आता पाचने भागून पाहा. जागेवर राहतात फक्त ०, १, २ आणि ३. बाकीचे सोळा आकडे घर बदलतात, म्हणजे चार जुन्या सर्व्हरांनी जमवलेलं बहुतेक सगळं वाया जातं.

१९९७ साली एमआयटीत डेव्हिड कार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भागाकार बाजूला ठेवला आणि सर्व्हर व आकडे एकाच वर्तुळावर बसवले. पाचवा आला की विसांतले सरासरी चारच हलतात, आणि तेही फक्त त्याच्याकडे जायला. ते वर्तुळ आखण्यापासून पहिलं प्रकरण सुरू होतं. आकडे लिहिलेला कागद जवळ असू द्या.