एमिलीची अर्धी गोष्ट

झ्यूरिकला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना लहानपणी त्यांच्या आईनं धाक घातला होता, "फार शिकू नकोस, त्या केम्पीन बाईसारखी वेड्यांच्या इस्पितळात जाशील." नव्वदी गाठली तरी हे सांगताना आजी चिडत. गोष्ट अर्धीच सांगितली जाई, याचा त्यांना राग होता.

एमिली केम्पीन-स्पिरी १८५३ साली जन्मली. पाद्र्याची मुलगी, पाद्र्याचीच बायको; ‘हायडी’ लिहिणाऱ्या योहाना स्पिरी तिच्या काकू. पदरात तीन मुलं असताना तिनं झ्यूरिक विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला. नवऱ्याच्याच एका दाव्यात त्याची बाजू मांडायला गेली, तर कोर्टानं नकार दिला. त्यासाठी मतदार असावं लागे, आणि मत फक्त पुरुषांना! ती थेट संघीय न्यायालयात गेली. तेव्हाच्या घटनेचं चौथं कलम सगळ्या स्विस माणसांना कायद्यापुढे समान मानतं, मग त्यात बायका नाहीत का, हा तिचा सवाल. २९ जानेवारी १८८७ रोजी न्यायाधीशांनी तो अर्थ ‘जितका नवा तितकाच धाडसी’ ठरवून फेटाळला. (त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई हायकोर्ट आपल्या रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं बजावत होतं.)

त्याच वर्षी एमिलीला डॉक्टरेट मिळाली. कायद्यात असा मान मिळवणारी पहिली स्विस स्त्री. पण वकिलीची सनद नाहीच. मग न्यूयॉर्क गाठून तिथल्या बायकांना कायदा शिकवला, परतून झ्यूरिक विद्यापीठात व्याख्यानं दिली, पुढे बर्लिन. संसार मोडला, पैसा संपला, आणि १८९७ मध्ये ती मनोरुग्णालयात दाखल झाली. पुढच्याच वर्षी झ्यूरिकनं स्त्रियांना वकिलीची परवानगी दिली. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. १८९९ मध्ये बाझेलच्या इस्पितळातून या कायदेपंडितेनं एका पाद्र्याला पत्र लिहून त्याच्या घरी मोलकरणीची जागा मागितली. १९०१ मध्ये तिथेच, कर्करोगानं, ती गेली.

"तिला शिक्षणानं नाही, बंद दारांनी वेड लावलं," आजी ठासून सांगत. मलाही तसंच वाटतं. १९५९ च्या सार्वमतात पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार नाकारला, तेव्हा आजींचा नवरा ‘हो’ म्हणून मत देऊन आला आणि आजी घरी निकालाची वाट बघत बसल्या. हक्क मिळाला तो ७ फेब्रुवारी १९७१ ला. अपेनझेल इनरहोडेन या प्रांताचे पुरुष तरीही प्रांतातल्या मतदानाबाबत अडून बसले. अखेर १९९० मध्ये त्याच संघीय न्यायालयानं, नागरिकांत बायकाही येतात, असा निकाल दिला.