पानविरळणी (द्राक्षवेल)

दाट वेलीवरील निवडक पाने काढून आत ऊन व वारा पोचवण्याची मशागत. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे जिल्ह्यांतील बागांत ती नेहमीची आहे.

महाराष्ट्रात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत पुढल्या हंगामाचे घड घडतात. तेव्हा फुटींची गर्दी झाली, की सावलीतले डोळे वांझ राहतात. म्हणून फुटींची विरळणी वेळेवरच हवी. ऑक्टोबरच्या फळछाटणीपूर्वी पंधरवडाभर इथेफॉन फवारून किंवा हाताने पानगळ केली जाते. पुढे मणी धरल्यावर घडालगतची, खालची, पिवळसर पाने आणि बगलफुटी खुडतात. पान ओढल्यास काडीची साल सोलली जाते. देठाशी चिमटून काढावे. घडाभोवती हवा खेळली, की भुरी व केवडा हे रोग रोखणे सोपे जाते, फवाराही मण्यांपर्यंत पोचतो.

मात्र पान हेच वेलीचे स्वयंपाकघर. एका घडाच्या पोषणाला साधारण १५–१६ निरोगी पाने लागतात. त्यांतही घडाच्या पुढची पाने राखणे महत्त्वाचे, कारण साखर मुख्यतः तीच पुरवतात. घड एकदम उघडे पडले, तर उन्हाने मणी करपतात. त्यामुळे सरसकट पाने ओरबाडणे चूकच होय. मांडवाखाली उभे राहिल्यावर जमिनीवर उन्हाचे विखुरलेले कवडसे दिसले, की विरळणी थांबवावी.